तुमच्या घरात किती वाजले?

आमचे घरमालक कुणालाही साधं "किती वाजले?" असं विचारत नसत. "तुमच्या घड्याळात किती वाजले?" असं विचारत. उत्तर मिळालं की स्वतःच्या मनगटाकडं बघून नुसतं "हं" म्हणत. समोरचा खोटं बोलतोय की नुसताच गाफील आहे, याचा निकाल त्या "हं"मध्ये राखून ठेवलेला असायचा. मी कोर्टात लिपिक आहे, राखून ठेवलेले निकाल रोज बघते. पण फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला न्यायाधीश मी तिथंच पहिल्यांदा बघितला.

बीडला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि लेक. खाली ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे पुकारणारा माणूस असतो ना, तो. गल्ली त्यांना तोंडावर आबा म्हणायची आणि पाठीमागं कंट्रोलर.

घर दाखवायला आले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, लगेच परत घेतली, स्वतः कुलपात फिरवून बघितली आणि मग पुन्हा दिली. "तीच हाय का बगत होतो," म्हणाले. किल्ली त्यांच्याच कमरेच्या जुडग्यातून नुकतीच निघाली होती. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं, हा माणूस मला सरळ वाटत नाही. नवरा म्हणाला, तुला सरळ कोण वाटतं ते एकदा सांग.

त्यांच्या मनगटावर चावीचं जुनं घड्याळ असायचं. सकाळी ते आधी दूधवाल्याला वेळ विचारत, मग पेपरवाल्याला, मग फाटकासमोरून क्लासला निघालेल्या एखाद्या पोराला. तीन साक्षी जुळल्या की मगच घड्याळाला चावी. मोबाईलवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा नवऱ्यानं खिशातून मोबाईल काढून वेळ सांगितली तर म्हणाले, "मोबाईलला टाइम कोन सांगतंय?"

"टॉवर."

"आन टॉवरला?"

नवऱ्यानं मोबाईल उलटासुलटा करून बघितला.

"बगा. तुमाला ठाऊक न्हाई, आन तुमी त्याच्यावर गाडी सोडता."

पहाटेची अजान तेवढी त्यांना मान्य होती. ती सूर्याच्या हिशेबानं चालते आणि सूर्य कुठून बदली होऊन येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चतुर्थीला लिंबागणेशला दर्शनाला जात, तेव्हाही गणपतीच्या आधी ड्रायव्हरला गाठून त्याच्या घड्याळाची चौकशी करत. परत आले की प्रसाद देताना गाडी किती उशिरा सुटली ते सांगत. प्रसाद तोंडात असल्यामुळं ऐकून घ्यावं लागे.

आता आमची सकाळ. लेकीची शाळा नऊची, रिक्षा आठ पंचवीसला. रिक्षावाले चाचा फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवत आणि डबा घेऊन मी जिना उतरेपर्यंत तिसऱ्यांदा वाजवायची वेळ हमखास येई. नवरा सातलाच मोटारसायकल काढून आज अंबाजोगाई, उद्या गेवराई असा औषधांच्या बॅगा घेऊन निघालेला. उरलेलं सगळं माझ्यावर. एका हातानं पोळी, एका हातानं वेणी. मोजा सापडला तर एकच. वहीला कव्हर घालायचं आहे ही बातमी आठ वाजून दहा मिनिटांनी. आणि नळाला पाणी आलेलं असलं की संपलंच. बीडमध्ये नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं, आणि आलं की घरात कुणी वारलं तरी आधी टाकी भरायची असते.

म्हणून मी एक उपाय केला होता. तसा तो माझा नाही, माझ्या माहेरीही तेच होतं आणि मावशीकडंही. हॉलमधलं घड्याळ वीस मिनिटं पुढं लावून ठेवलेलं. स्वयंपाकघरातलं दहा. मोबाईल बरोबर. घरातल्या मोठ्या माणसाला घड्याळाकडं बघितलं की आधी धडकी भरते, मग वजाबाकी करून हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यावर एक कप चहा होतो. "बघ वाजले किती!" असं मी लेकीला हॉलमधल्या घड्याळाकडं बोट दाखवून रोज ओरडायचे. "तुझ्यामुळं रिक्षातल्या सगळ्या पोरांना उशीर होतो!"

हे सगळं खाली ऐकू जायचं. एक दिवस जिना उतरताना आबांनी मला अडवलं.

"ताई, एक बोलू का? सकाळची गाडी सकाळी निगत नसती."

"म्हणजे?"

"मुक्कामी गाडी असती बगा. संध्याकाळी खेड्यात जाती, तिथंच राहती, म्हनून सकाळी सहाला तिथून निगती. ती जर सकाळी डेपोतून सोडली तर खेड्यात पोचायलाच नऊ वाजतील. दप्तर, मोजे, बाटली, सगळं संध्याकाळीच दाराजवळ मुक्कामाला लावा. डब्यात काय, ह्ये सकाळी इचारायचं न्हाई. आन फलाटावर भांडन न्हाई. गाडी सुटताना पब्लिकला शिव्या दिल्या तर पब्लिक उतरून जातं."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले. कोर्टापर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आमच्या घरात सकाळी काय बोललं जातं, हे हा माणूस इतकं कान देऊन का ऐकतो?

त्याच सुमारास लेकीचं पोट दुखायला लागलं. तिसरीत होती ती. रोज सकाळी आठच्या सुमारास दुखायचं, कधी उलटी व्हायची. रविवारी काही नाही. दोन डॉक्टर झाले. दुसऱ्यांनी गोळ्या लिहून न देता विचारलं, "पोटात काही नाही. शाळेत कुणाचा त्रास आहे का?" झालं. कोर्टात काम करणाऱ्या बाईला संशयित कुणी पुरवावे लागत नाहीत. मी आधी वर्गशिक्षिकेकडं जाऊन आले, मग रिक्षातल्या मोठ्या पोरांची चौकशी केली, मग चाचांकडं आठ दिवस बारीक नजरेनं बघितलं. चाचांनी शेवटी विचारलंच, "बाजी, कुछ हुआ क्या? कावून असं बगता?" लेकीला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणायची, "काही नाही." रात्री झोपेत दचकायची. सात-आठ वर्षांचं लेकरू शाळेचं नाव काढलं की पांढरं पडतं आणि आईला कारण कळत नाही, याच्यासारखा जाच नाही. मी रडायचे, आणि सकाळ झाली की परत ओरडायचे.

आणि मग मला ती वही दिसली.

लेक तयार झाली की रिक्षा येईपर्यंत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. एक दिवस मी वरून वाकून बघितलं. आबा खुर्ची ओढून तिच्याशी काहीतरी बोलत होते आणि नंतर त्यांनी खिशातून छोटी वही काढून त्यात काही लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मी लेकीला जवळ घेऊन विचारलं.

"आबा काय विचारतात गं तुला?"

"विचारतात, 'माय, तुमच्या घरात किती वाजले?'"

"आणि?"

"आणि मी सांगते. मग ते लिहून घेतात."

घरात कोण कधी असतं, कधी नसतं, हे टिपून ठेवणारी माणसं पुढं कुठल्या रांगेत उभी राहतात ते मी रोज बघते. आणि माझ्या लेकीचं पोट त्या पायरीवरच दुखतं! दोन आणि दोन मी चार केले. मला वाटलं, बरोबरच केले.

मी तशीच खाली गेले. ते तुळशीला पाणी घालत होते.

"आबा, माझ्या मुलीला घरातलं काहीही विचारायचं नाही. तिच्याशी बोलायचंच नाही. ती येईल तेव्हा तुम्ही फाटकाशी बसायचं नाही."

शेजारच्या दोन बायका कपडे वाळत घालता घालता थांबल्या. मी आवाज कमी केला नाही.

आबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ताई, तुमचं ते घड्याळ..."

"आमच्या घड्याळाचं आम्ही बघू."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी खुर्ची नव्हती. त्यांचं दारही बंद. मला जिंकल्यासारखं वाटलं, ते मी लपवणार नाही. लेकीचं पोट मात्र दुखायचं थांबलं नाही. उलट आता ती पायरीवर एकटी बसून दोन्ही हातांनी पोट धरायची.

पाच-सहा दिवसांनी नळाला पाणी आलं, नेमकं पावणेआठला. मी मोटार लावली आणि गच्चीवर टाकीपाशी धावले. जाताना सवयीनं ओरडले, "आवर! मी चाचांना सांगितलंय, आजपासून तुझ्यासाठी थांबायचं नाही, सरळ सोडून जायचं!" चाचांना मी असलं काही सांगितलेलं नव्हतं. आया बोलतात तसं बोलले. खाली आले, तर डबा ओट्यावर तसाच आणि लेक नाही. दप्तर नाही. दार उघडं. पायरी रिकामी, फाटक उघडं. मोबाईलमध्ये आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. रिक्षा यायला अवकाश होता.

मी आबांचं दार बडवलं. त्यांनी अर्ध्या गालाला साबण लावलेला होता.

"कुठंय माझी मुलगी?"

"कावून? काय झालं?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना बाजूला सारून आत घुसले. पुढची खोली, मागची खोली, मोरी, कॉटच्या खाली सुद्धा वाकून बघितलं. म्हातारा माणूस दाराशी हातात वस्तरा घेऊन उभा होता आणि मला त्यानं एकदाही अडवलं नाही. टेबलावर ती वही होती. मी उघडली. पानापानावर तारखा आणि दोन-दोन वेळा लिहिलेल्या. एक "माझं", एक "तिचं". माझं ८.१५, तिचं ८.३५. माझं ८.१२, तिचं ८.३२. शेवटच्या पानाखाली रेघ मारून लिहिलं होतं, "रोज वीस. लेकराला ठाऊक नसावं. आईशी बोलणे."

"ताई," ते हळू म्हणाले, "घड्याळ पुढं हाय ह्ये तिला कुनी सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आधी ती लहान होती, तिला घड्याळ कळत नव्हतं, सांगायचं कशाला? आणि त्या वर्षी शाळेत घड्याळ शिकवलं, ती काटे वाचायला लागली, हे आमच्या लक्षातच आलं नाही. तिच्या हिशेबानं रिक्षा आठ पंचवीसची आणि निघायची रोज पावणेनऊला. मम्मी रोज ओरडते, म्हणजे हा उशीर आपल्यामुळंच, सगळी पोरं रोज वीस मिनिटं आपल्यासाठी ताटकळतात. शाळा नऊची, म्हणजे रोज थोडक्यात वाचायचं. हे सगळं ती एकटी पोटात घेऊन बसत होती.

"आज काय मनलं होतं तिला?"

"म्हटलं होतं, चाचा सोडून जातील."

"मंग गेली ती. घड्याळात साडेआठ दिसले, खाली रिक्षा न्हाई. लेकरू चालत निगालं." त्यांनी टॉवेलनं साबण पुसला. "मी खुर्चीवर असतो तर दिसली असती," एवढंच म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागं बसून मी गेले. शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता आहे. त्या दिवसांत मांजरसुंब्याकडून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येत असतात, थांबत नाहीत. तिथं दुभाजकाच्या अलीकडं माझी लेक उभी होती. एक पाऊल पुढं टाकायची, ट्रॅक्टर आला की मागं घ्यायची. मी स्कूटर थांबायच्या आतच उडी मारली आणि तिला मागं ओढलं.

"मम्मी, चाचा गेले," ती हुंदके देत म्हणाली. "आज मला खरंच उशीर झाला."

मी तिला घट्ट धरून बसले, मातीतच. आबा समोर उकिडवे बसले. त्यांनी मनगट तिच्यापुढं धरलं.

"माय, वाच बरं. किती वाजले?"

तिनं डोळे पुसले. लहान काटा बघितला, मोठा बघितला, बोटावर पाच-पाच मोजले. "आठ वाजून वीस मिनिटं."

"रिक्षा कितीला येती?"

"पंचवीसला."

"मंग?"

तिनं काटे पुन्हा एकदा मोजले. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मम्मी, मग रोज? रोज मला उशीर झालाच नव्हता?"

कोर्टात मी पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्यात. असा प्रश्न कधी ऐकला नाही. "नव्हता," मी म्हटलं. "एक दिवस पण नव्हता. घड्याळ मीच पुढं केलं होतं. माझी चूक आहे, राणी." ती रडायची थांबली होती, ती पुन्हा रडायला लागली, पण या रडण्यात तिनं पोट धरलं नव्हतं. थोड्या वेळानं चाचांची रिक्षा तिथूनच आली. आमच्या फाटकाशी हॉर्न वाजवून, कुणी न दिसल्यानं घाबरून शोधतच आले होते बिचारे. पोरांनी सरकून तिला जागा दिली.

संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले. आबांनी कपाचा वास घेतला. "साखर कुनी टाकली?" मी म्हटलं, मीच. मग प्यायले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"स्टँडवरचं घड्याळ मीच पाच मिनटं पुढं ठिवायचो," ते म्हणाले. "ड्रायव्हर लोक चहाला बसले की उठत न्हाईत, म्हनून. जुन्या समद्यांला ठाऊक होतं. एक दिवस नवा ड्रायव्हर आला. मी बाहेर गेलतो. त्यानं घड्याळ बगून गाडी काडली. एक पोरगी धावत आली, दहावीचा पेपर होता तिचा. गाडी गेलती. मला इचारलं तिनं, काका, मला उशीर झाला का?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तक्रार होईल म्हनून मी 'हो' मनलो. तुलाच उशीर झाला, मनलो. पोरगी स्वतःच्या तोंडात मारून घेत परत गेली, ताई. तिचं गाव न्हाई इचारलं, नाव न्हाई. आजून तिला वाटत आसंल, तिचीच चूक हुती. तवापासून मी कुनाच्या घड्याळावर इश्वास ठिवत न्हाई. माज्या तर न्हाईच."

मी वर जाऊन स्टुलावर चढले आणि हॉलमधलं घड्याळ बरोबर करायला निघाले, तर लेक म्हणाली, मी करते. तिनं काटे फिरवले, मी तिला धरून उभी राहिले.

त्या रात्रीपासून दप्तर, मोजे, बाटली, सगळं आठ वाजता दाराशी मुक्कामाला लागायला लागलं. कव्हराच्या वह्या संध्याकाळीच निघाल्या. नवरा म्हणाला, हे आधीच का नाही सुचलं? मी म्हटलं, सुचवलं होतं, ऐकणारी संशयी होती. उशीर अजूनही होतो, मी अजूनही ओरडते, पण दारापाशी नाही. पोटदुखी आठवडाभर रेंगाळली आणि मग कधी गेली ते कळलंच नाही.

खुर्ची दोन दिवसांनी परत फाटकाशी आली. मीच नेऊन ठेवली, शेजारच्या त्याच दोन बायका बघत असताना. आबा येऊन बसले. लेक पायरीवर उतरली.

"माय, तुमच्या घरात किती वाजले?"

"आठ वाजून अठरा."

त्यांनी मनगटाकडं बघितलं. मी जिन्यात उभी होते, मलाही दिसत होतं, त्यांच्या घड्याळात एकोणीस झाले होते. खात्री करायला मी पर्समधला मोबाईल काढणार होते. काढला नाही. आबा "हं" म्हणाले नाहीत, दूधवाल्याला विचारलं नाही, पेपरवाल्याला विचारलं नाही. त्यांनी चावी ओढली आणि आपलं घड्याळ एक मिनिट मागं घेतलं.